पूर्ण वर्गणी, अर्धा कागद

वर्गात वाचायला दिलेल्या एका इंग्रजी संवादाच्या झेरॉक्स प्रतीवर एका विद्यार्थिनीने पेन्सिलीने लिहून आणले होते : 'सर, माझ्या प्रतीतली मधली पाने गहाळ आहेत.' दादरला रानडे रोडवर जेथून आम्ही प्रती काढून घेतो, त्या झेरॉक्सवाल्याचा यात काही दोष नव्हता. 'वायर्ड' या अमेरिकी नियतकालिकाने १० जून २०१० रोजी जेवढा मजकूर प्रसिद्ध केला होता तेवढाच तिच्या हातात होता, आणि तो मूळ संवादाच्या साधारण एक चतुर्थांश होता. उरलेला तीन चतुर्थांश भाग संपादकांपाशी होता, तो आपल्यापाशी आहे हे त्यांनी लपवलेही नव्हते, आणि तरीही तो वाचकापर्यंत पोहोचायला तेरा महिने लागले.

हल्ली बातमीच्या खाली 'मूळ कागदपत्र येथे वाचा' अशी एक ओळ असते. वर्गणीदार म्हणून मी ज्या ज्या गोष्टींचे पैसे मोजतो, त्यांत मला ही ओळ सर्वांत मोलाची वाटते, कारण बातमीदाराने कागदातून काय उचलले आणि काय सोडले हे पडताळून पाहण्याची सोय तिच्यामुळेच होते. एका मराठी दैनिकाच्या संपादकीय विभागात सत्तावीस वर्षे काढल्यावर आता मी आठवड्यातून दोन संध्याकाळी पत्रकारितेच्या मुलांना शिकवतो. त्या पेन्सिलीच्या ओळीमुळे असे वाटले की आपण पुस्तकांची, नाटकांची, खानावळींची परीक्षणे लिहितो, तर वृत्तसंस्था पैसे घेऊन देतात त्या या सेवेचेही एकदा नीट परीक्षण लिहावे. त्यासाठी मी माल एकाच प्रकारचा निवडला आहे : सैन्यातून किंवा संरक्षण खात्यातून बाहेर आलेले कागद, आणि ते बाहेर काढणाऱ्या माणसाविषयी वृत्तसंस्थेच्या हाती असलेला मजकूर. झाकण्याची सर्वांत खरी कारणे याच मालात सापडतात आणि सबबीही याच मालात सर्वांत सहज खपतात.

एक शब्द आधीच स्पष्ट करतो. अशा माणसासाठी मराठी वृत्तपत्रांनी 'जागल्या' हा गावगाड्यातला शब्द चांगला रुळवला आहे. मात्र रात्री गावाला हाक घालणारा जागल्या गावाने नेमलेला असे आणि त्याला बलुते मिळत असे; सैन्यातल्या जागल्याला कोणी नेमलेले नसते आणि त्याचे बलुते म्हणजे कोठडी. सरकारदरबारी त्याला फितूर म्हणतात. मी येथे 'कागद फोडणारा' असा कोरडा शब्दप्रयोग करणार आहे, कारण परीक्षण त्याचे नाही, ज्यांनी त्याचे कागद हाताळले त्यांचे आहे.

आता 'वायर्ड'चा माल. तेव्हा ब्रॅडली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चेल्सी मॅनिंग इराकमध्ये अमेरिकी लष्करात गुप्तवार्ता विश्लेषक होत्या. मे २०१० च्या अखेरीस त्यांनी एड्रियन लामो या कॅलिफोर्नियातील हॅकरशी संगणकावरून काही दिवस गप्पा केल्या. आपण गाण्यांची सीडी असल्याचे भासवून गोपनीय दस्तऐवज कसे उतरवून घेतले आणि ते गोपनीय कागद प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्स या संस्थेला कसे दिले, हे त्यांनी त्याला सांगितले. लामोने ते लष्करी तपास अधिकाऱ्यांना कळवले आणि संवादाची प्रत 'वायर्ड'चे संपादक केव्हिन पोल्सन यांच्याकडे पोहोचवली. मॅनिंग यांना अटक झाली, जूनमध्ये बातमी आली आणि पाठोपाठ निवडक उतारे आले. पोल्सन हे स्वतः एकेकाळी हॅकिंगबद्दल तुरुंगवास भोगलेले गृहस्थ असून लामोला ते कित्येक वर्षे ओळखत होते. हा तपशील बाजूला ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

उरलेला भाग न छापण्याची दोन कारणे नियतकालिकाने दिली होती : एक, त्यात मॅनिंग यांचे अत्यंत खासगी बोलणे आहे, दोन, त्यात संवेदनशील लष्करी माहिती असू शकते. यांतल्या पहिल्या कारणाला मी हसण्यावारी नेणार नाही. बावीस वर्षांचा एक माणूस घरापासून हजारो मैल दूर, एका अनोळखी माणसापाशी आपल्या लिंगभावाविषयी, एकटेपणाविषयी, मोडत चाललेल्या मनाविषयी बोलतो, आणि ते बोलणे ऐकणाराच ते उचलून वृत्तपत्राच्या टेबलावर आणून टाकतो. ज्याचे ते बोलणे आहे त्याची संमती कोणी विचारलेली नाही, आणि विचारावी तर तो कोठडीत आहे. अशा वेळी सारेच्या सारे छापणारा संपादक मला धीट वाटला नसता, उथळ वाटला असता. मुंबईत आरोपीचे खासगी फोटो आणि मोबाइलमधले संदेश दिवसभर वाहिन्यांवर फिरताना आपण पाहिले आहेत. त्या पार्श्वभूमीवर जून २०१० मधली ही कात्री मला सभ्य वाटते.

मात्र कात्री सभ्य आहे की नाही हे ती कोणाचा कपडा कापते आणि कोणाचा राखते यावरून ठरते, आणि येथे सेवेत खोट दिसू लागते. लामो त्यानंतर गप्प बसला नाही. मॅनिंगने आपल्याला काय काय सांगितले याविषयी तो वेगवेगळ्या वृत्तपत्रांना मुलाखती देत राहिला. विकिलीक्सच्या ज्युलियन असांज यांच्याशी मॅनिंग यांचा थेट संपर्क होता आणि कागद चढवण्यासाठी त्यांना वेगळी सोय करून देण्यात आली होती, असे त्याचे दावे डिसेंबर २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्येही आले. हे दावे साधे नव्हते. अमेरिकी सरकार असांज यांच्यावर खटला उभा राहू शकतो का हे पाहत होते, आणि प्रकाशक आयता आलेला कागद छापतो की कागद फोडायला मदत करतो, या एका प्रश्नावर सगळा फरक पडणार होता. प्रसिद्ध झालेल्या उताऱ्यांत हे दावे नव्हते. ते उरलेल्या भागात आहेत की लामोच्या कल्पनेत, हे तपासण्याचे साधन पत्रकारांपैकी ज्यांच्यापाशी होते, ते त्यावर बसून होते. पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांनी 'सलॉन' या संकेतस्थळावरून नेमका हाच आक्षेप घेतला : खासगी भाग छापू नका, पण तुमच्या साक्षीदाराच्या जाहीर दाव्यांना कागदात आधार आहे की नाही एवढे तरी सांगा. संपादकांनी डिसेंबरच्या अखेरीस सविस्तर उत्तर दिले आणि आपला निर्णय कायम ठेवला. त्या सगळ्या काळात मॅनिंग क्वांटिकोच्या लष्करी तुरुंगात एकांतवासात होत्या.

मग १३ जुलै २०११ रोजी, किरकोळ वगळणुका सोडता, संपूर्ण संवाद आला. मॅनिंग यांच्या खासगी आयुष्याविषयी आता इतरत्र बरेच छापून आले असल्यामुळे झाकण्याचे कारण उरले नाही, असे नियतकालिकाचे म्हणणे होते. माझ्या विद्यार्थिनीला मी ही पूर्ण प्रत दिली आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळींना खुणा करायला सांगितले. तिने पुढच्या वेळी जो उतारा पिवळा करून आणला, तो वाचून मी पुन्हा एकदा अस्वस्थ झालो. गप्पांच्या सुरुवातीलाच लामो मॅनिंग यांना सांगतो की मी पत्रकार आहे आणि धर्मोपदेशकही आहे. यांपैकी काय हवे ते निवड, हे बोलणे कबुलीजबाब समज किंवा कधीच प्रसिद्ध न होणारी मुलाखत समज, आणि थोडेसे कायदेशीर संरक्षण मिळव. म्हणजे बोलणारीला गुप्ततेचा शब्द देण्यात आला होता आणि तो मोडण्यात आला होता. हे वाक्य खासगी नव्हते. त्यात लष्करी गुपित नव्हते. ते न छापल्याने मॅनिंग यांची अब्रू झाकली जात नव्हती, लामोची झाकली जात होती. तेरा महिने ते वाचकाला दिसले नाही, आणि त्या तेरा महिन्यांत लामो हा देशाच्या काळजीने पुढे आलेला विश्वासू साक्षीदार म्हणून जगभर वाचला गेला.

'पण सर, त्यांनी मुद्दाम झाकले असेल का?' असे तिने विचारले. मला तसे म्हणता येणार नाही आणि मी म्हणतही नाही. संपादकीय टेबलावर बसलेल्या माणसाला हे माहीत असते की आपल्याला कागद आणून देणाऱ्याविषयी एक न कळणारी ममता मनात तयार होते. ती लाचखोरी नव्हे, कारस्थानही नव्हे. त्याच्या शब्दावर आपली बातमी उभी असते म्हणून त्याचा शब्द तपासायला हात धजत नाही, एवढेच. यावर जगभरच्या वृत्तकक्षांत एकच उपाय चालतो, तो म्हणजे ज्याची ओळख जुनी आहे त्याने काय कापायचे हे ठरवू नये, दुसऱ्या कोणीतरी ठरवावे. या प्रकरणात ज्या संपादकाची लामोशी जुनी ओळख होती, तोच बातमीचाही धनी होता. पाचपैकी गुण द्यायचे तर निवडीच्या सभ्यपणाला मी चार देईन आणि न दिलेल्या भागाच्या हिशेबाला एक.

या एका अनुभवावरून 'सगळे कागद छापा' असा आग्रह धरणाऱ्या वाचकाने पुढचे प्रकरण जरूर वाचावे, कारण तेथे उलटी चूक झाली आणि ती अधिक महाग पडली. रिअ‍ॅलिटी विनर या हवाई दलात भाषातज्ज्ञ म्हणून काम केलेल्या तरुणीने २०१७ मध्ये कंत्राटदाराच्या नोकरीत असताना अमेरिकी निवडणुकीतील रशियन हस्तक्षेपाविषयीचा एक गोपनीय अहवाल छापून काढला आणि 'द इंटरसेप्ट' या वृत्तसंस्थेला टपालाने पाठवला. संस्थेने खातरजमा करण्यासाठी त्याची प्रत सरकारी यंत्रणेला दाखवली. कागदावर घडीच्या खुणा दिसत होत्या, म्हणजे तो कोणीतरी छापून खिशातून किंवा पिशवीतून नेला होता. छापणाऱ्यांची नोंद पाहिली तर सहा जणांनीच तो छापला होता, आणि त्या सहांपैकी एकीच्याच कार्यालयीन संगणकावरून या वृत्तसंस्थेशी ईमेलने संपर्क झाला होता. बातमी ५ जून रोजी छापून आली तेव्हा विनर यांना अटक होऊन दोन दिवस झाले होते. संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रतिमेत रंगीत प्रिंटर नकळत उमटवतात ते बारीक पिवळे ठिपकेही तसेच राहिले होते, आणि त्यांवरून छपाईची तारीख बाहेरच्या जाणकारांनी काही तासांत वाचून दाखवली. विनर यांना पाच वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. आपली कार्यपद्धती कमी पडली हे संस्थेच्या संपादकांनी पुढे मान्य केले.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांना पिवळ्या ठिपक्यांचे फार कौतुक वाटते, पण मला घडीचे वाटते. तंत्रज्ञान कळायला लागत नाही असा तो पुरावा आहे. रद्दीवालासुद्धा कागद किती वेळा दुमडला हे सांगू शकतो. कागदाची प्रतिमा छापणे म्हणजे मजकुरासोबत कागदाचे शरीर छापणे होय, आणि शरीरावर माणसाच्या खुणा असतात : टाचणीचे भोक, समासातला शेरा, आवक क्रमांक, तिरक्या झेरॉक्सची कड. म्हणून काही वृत्तसंस्था मजकूर पुन्हा टंकून देतात आणि मूळ प्रतिमा देत नाहीत. वाचकाला ते अपुरे वाटते, पण फोडणारा अजून पकडला गेलेला नसेल तर ही सेवा अपुरीच असायला हवी. मॅनिंग प्रकरणात हा युक्तिवाद लागू पडत नव्हता, कारण ज्याला वाचवायचे ते माणूस आधीच कोठडीत होते. प्रश्न दोन्हीकडे एकच असला तरी उत्तर वेगळे येते, ते यामुळे.

आपल्याकडचा एक प्रसंग याहून जड आहे आणि तो मुंबईपासून चार तासांच्या रेल्वेप्रवासावर घडला. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'द क्विंट' या वृत्तसंकेतस्थळाने नाशिकजवळच्या देवळाली छावणीत छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली चित्रफीत प्रसिद्ध केली. जवानांना 'सहायक' म्हणून अधिकाऱ्यांच्या घरची कामे कशी करावी लागतात, हे तीत जवान स्वतः सांगत होते. जवानांची ओळख लपवली होती, असे संस्थेचे म्हणणे होते. मार्चच्या सुरुवातीला त्याच छावणीत, त्या चित्रफितीत बोललेल्या एका जवानाचा मृतदेह सापडला. बातमीदार आणि एका निवृत्त सैनिकावर शासकीय गुपिते अधिनियमाखाली व इतर कलमांखाली गुन्हा दाखल झाला, आणि एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो विषय संपला, आणि मीही कोणावर ठपका ठेवत नाही. मी फक्त उपसंपादक म्हणून पाहतो. छावणी लहान असते, बोली ओळखता येते, खांद्याची ठेवण ओळखता येते, आणि वाचकाला जो चेहरा धूसर दिसतो तो बराकीतल्या सोबत्याला धूसर दिसेलच असे नाही. सैन्याविषयीचा मूळ मजकूर हात राखून द्यावा असे एखादा संपादक म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतले गाजलेले खटले असतीलच असे नाही, देवळालीही असू शकते.

आता थोडे माझगावाकडे येऊ, कारण या सेवेचा मला आवडलेला नमुना योगायोगाने तेथल्याच गोदीविषयीचा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये 'द ऑस्ट्रेलियन' या वृत्तपत्राने बातमी दिली की माझगाव डॉकमध्ये फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने बांधल्या जात असलेल्या स्कॉर्पीन पाणबुड्यांची २२,४०० पाने बाहेर फुटली आहेत. कंपनीसाठी उपकंत्राटदार म्हणून काम करणाऱ्या एका माजी फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने ती २०११ मध्ये बाहेर नेली असावीत, असे त्या वृत्तात म्हटले होते. वृत्तपत्राने एकूण पाने किती, ती कोणत्या विषयांची, हे सांगितले. नमुन्यादाखल मोजकी पाने दाखवली. आणि त्यांतले महत्त्वाचे आकडे काळ्या पट्ट्यांखाली झाकले. पाणबुडी कोणत्या वेगाला किती आवाज करते हे जाणून घ्यायची गरज शत्रूला असते, वर्गणीदाराला नसते. वर्गणीदाराला एवढेच कळायला हवे होते की कागद खरे आहेत आणि फुटलेला माल मोठा आहे, आणि ते कळले.

गंमत पुढे आहे. संकेतस्थळावर टाकलेल्या पानांत महत्त्वाचे आकडे काळे केलेले असल्यामुळे त्यांतून सुरक्षेला बाधा येत नाही, असे आपल्या नौदलाने जाहीर केले. वृत्तपत्राने जबाबदारीने झाकले, आणि त्या झाकण्याचाच आधार घेऊन 'फारसे काही फुटले नाही' असे वाटायला लावणारे निवेदन निघाले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. येथे मूठ वृत्तपत्राची होती आणि सव्वा लाख सरकारच्या पदरात पडले. लगेचच कंपनीने न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयातून पुढील पाने छापण्याविरुद्ध मनाई मिळवली. पहिली पाणबुडी 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतच नौदलात दाखल झाली. काय झाकले, किती झाकले आणि का झाकले, हे तिन्ही या वृत्तपत्राने पहिल्याच दिवशी वाचकासमोर मांडले होते, म्हणून त्याला मी साडेचार गुण देतो. अर्धा गुण राखून ठेवण्याचे कारण असे की नौदलाच्या निवेदनातली ती पळवाट आधीच हेरून, काळ्या पट्ट्यांखाली कोणत्या प्रकारची माहिती आहे हे पानागणिक लिहायला हवे होते.

याच्या उलट टोकाला राफेल विमानांच्या खरेदीचा कागद आहे. 'द हिंदू'ने ८ फेब्रुवारी २०१९ रोजी संरक्षण मंत्रालयातील २४ नोव्हेंबर २०१५ ची एक टिप्पणी छापली, जिच्यात पंतप्रधान कार्यालयाकडून चाललेल्या समांतर वाटाघाटींवर आक्षेप होता. बातमी महत्त्वाची होती, आणि असे कागद पाहण्यास न्यायालयाला मुभा आहे हे त्याच वर्षी १० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा प्राथमिक आक्षेप फेटाळताना मान्य केले. पण छापलेल्या प्रतिमेत तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचा हस्ताक्षरातील शेरा नव्हता. त्या शेऱ्यात, टिप्पणीतला एक परिच्छेद ही अतिप्रतिक्रिया वाटते आणि संरक्षण सचिवांनी पंतप्रधानांच्या प्रधान सचिवांशी बोलून विषय मिटवावा, अशा अर्थाचा मजकूर होता. संपूर्ण कागद त्याच दिवशी दुसऱ्या वृत्तसंस्थेकडून बाहेर आला आणि दिवसभर चर्चा वाटाघाटींवर होण्याऐवजी कात्रीवर झाली. कागदाची कड सूत्राच्या रक्षणासाठी कापावी, हे मला मान्य आहे. परंतु ज्याच्याकडे टिप्पणी पाठवली त्या मंत्र्याचे उत्तर हा टिप्पणीचाच भाग असतो, आणि ते छापल्याने सूत्राला कोणता वाढीव धोका होता हे मला अजूनही कळलेले नाही. शेरा छापून त्याखाली बातमीदाराने आपला प्रतिवाद लिहिला असता तर बातमी दुबळी झाली नसती. वाचकाला उरलेला कागद दुसऱ्या दुकानातून मिळतो तेव्हा त्याला पहिल्या दुकानाने आपल्या तोंडाला पाने पुसली असे वाटते, मग माल कितीही अस्सल असो.

येथे भारतीय संपादकाची एक अडचण नोंदवणे न्यायाचे होईल. आपला शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सालचा आहे आणि त्याचे पाचवे कलम गोपनीय कागद देणाऱ्याइतकेच तो घेणाऱ्यालाही कवेत घेते. प्रेस कौन्सिल अधिनियम, १९७८ मधील कलम १५(२) पत्रकाराला सूत्र सांगण्याची सक्ती करत नाही खरे, पण ते संरक्षण कौन्सिलपुढील कामकाजापुरते आहे. पोलीस ठाण्यात ते कामाला येत नाही. राफेलचे कागद चोरीला गेल्याचे महान्यायवादींनी मार्च २०१९ मध्ये न्यायालयात सांगितले होते आणि त्या वेळी याच अधिनियमाचा उल्लेख झाला होता. अशा स्थितीत मूळ प्रत संकेतस्थळावर टाकणे म्हणजे फिर्यादी पक्षाला मुद्देमाल स्वहस्ते नेऊन देणे, असे वकील सांगतात आणि संपादक ऐकतो. न छापण्याची बरीच कारणे वाचकाला सांगितली जातात ती नैतिक असतात, आणि खरी असतात ती वकिलाच्या पत्रातली. नैतिक कारणे खोटी असतात असे नव्हे; ती सांगायला अधिक शोभतात.

आणखी एक कारण कोणीच सांगत नाही म्हणून मी सांगतो, आणि तेही स्वतःच्या खात्यावर मांडतो. मी काम करत असलेल्या दैनिकात एकदा एका सरकारी खात्याचा तीस पानी अहवाल आला. तो पहिल्याच दिवशी पूर्ण छापता आला असता, निदान त्याचा सारांश तरी. आम्ही तो खणात ठेवला आणि पाच दिवस पाच बातम्या केल्या, कारण पूर्ण दिला तर दुसऱ्या दिवशी बाकीची वृत्तपत्रे तो आमच्याच पानावरून उचलतील अशी धास्ती होती. त्या पाच दिवसांत आम्ही एकमेकांना 'जबाबदारीने टप्प्याटप्प्याने देत आहोत' असे सांगत होतो. ती मालिका मीच लावली होती. म्हणून एखादी वृत्तसंस्था कागद रोखून धरते तेव्हा सूत्र, खासगीपणा, राष्ट्रहित यांच्या यादीत शेवटी बारीक अक्षरात 'आणि मक्ता' असे मी मनातल्या मनात लिहून टाकतो.

विकिलीक्सविषयी थोडक्यात. जुलै २०१० मध्ये अफगाणिस्तानविषयीचे लष्करी अहवाल देताना तिने सुमारे पंधरा हजार अहवाल, त्यांतली नावे तपासायची म्हणून, मागे ठेवले होते. सप्टेंबर २०११ मध्ये मात्र तिने २,५१,२८७ राजनैतिक तारा एकही नाव न झाकता खुल्या केल्या, आणि तिच्यासोबत काम केलेल्या वृत्तपत्रांनीच तिचा निषेध केला. त्याआधी त्या संचाचा संकेतशब्द सहकारी वृत्तपत्राच्या पत्रकारांनी लिहिलेल्या एका पुस्तकात छापला गेला होता. अशा वेळी मी गुण देत नाही. माल कोणी सांडला यावरच दोन्ही दुकाने भांडत बसली असतील तर परीक्षकाने काय करावे?

केव्हिन पोल्सन यांचा उल्लेख मी मघाशी बाजूला ठेवला होता. त्यांनी आणि दिवंगत संगणकतज्ज्ञ ॲरन स्वार्ट्झ यांनी मिळून एक संगणकप्रणाली तयार केली होती. कागद फोडणाऱ्याला आपली ओळख न देता वृत्तसंस्थेच्या पेटीत कागद टाकता यावा, यासाठी ती होती. 'न्यूयॉर्कर'ने मे २०१३ मध्ये ती प्रथम वापरात आणली; पुढे एका संस्थेने तिची जबाबदारी घेतली आणि आज ती सिक्युअरड्रॉप या नावाने अनेक वृत्तसंस्था वापरतात. ज्या संपादकाच्या हाती ओळख उघडी पडलेल्या माणसाचा संवाद आला, त्याच संपादकाच्या हातून ओळखच न घेणारी पेटी तयार झाली. यावरून कोणाच्या मनात काय होते ते ठरवू नये. सेवा म्हणून पाहता या पेटीची उपयुक्तता वादातीत आहे. तिची मर्यादा अशी की ती फोडणाऱ्याला झाकते, वृत्तसंस्थेने पुढे काय कापले ते उघडे करत नाही. त्या कामासाठी अजून तरी पेन्सिल घेऊन दोन प्रती शेजारी ठेवाव्या लागतात.

वर्गणी भरू इच्छिणाऱ्या वाचकाने काय पाहावे असे कोणी विचारले तर मी सांगेन की कागद किती दिला हे आधी पाहू नका. बातमीच्या तळाशी एकूण पाने किती होती आणि त्यांतली किती दिली, हा आकडा आहे का ते पाहा. न दिलेल्या भागाचे कारण ठोस आहे का, म्हणजे 'संवेदनशील' या एका शब्दात सगळे गुंडाळले आहे की 'तिसऱ्या व्यक्तीची नावे', 'आरोपीचे खासगी आयुष्य', 'तांत्रिक आकडे' असे वेगळे केले आहे, ते पाहा. कापणारा माणूस बातमीदाराहून वेगळा होता का, हे बहुधा लिहिलेले नसते, पण ईमेल करून विचारता येते आणि काही संपादक उत्तर देतात. आणि सर्वांत आधी, झाकल्यामुळे नेमके कोण बचावत आहे हे स्वतःला विचारा : कोठडीतले माणूस, बराकीतले माणूस, की कागद आणून देणारा आणि छापणारा. 'वायर्ड'च्या त्या चतुर्थांश प्रतीला हा शेवटचा प्रश्न कोणी जूनमध्येच विचारला असता, तर लामोचे ते एक वाक्य, मॅनिंग यांच्या आयुष्यातली दुसरी एकही ओळ न उघडता, वेगळे काढून छापता आले असते.

विद्यार्थिनीने दोन्ही प्रती परत केल्या तेव्हा पूर्ण प्रतीवरही पेन्सिलीच्या खुणा होत्या. जेथे जेथे अजून वगळलेले आहे तेथे तिने समासात बारीक चौकोन काढले होते आणि प्रत्येकात एकच अक्षर लिहिले होते : 'क', म्हणजे 'कोणासाठी'. काही चौकोनांपुढे तिने उत्तर लिहिले आहे, काही कोरे आहेत. पुढच्या तुकडीला मी तीच प्रत झेरॉक्स करून देणार आहे, चौकोनांसकट.